तू बस, बाळा

आपल्या वर्गात विशेष गरजा असलेले एखादे मूल दाखल झाले, तर प्रथम घाबरून जाऊ नये. 1995 च्या कायद्यातील दिव्यांगत्वाचे 7 प्रकार 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने 21 केले, त्यामुळे आपल्याकडचे कोणी ना कोणी त्या यादीत बसणारच. आणि यादीत बसलेल्या मुलाला वर्गातही बसवूनच ठेवायचे, एवढे एक पथ्य आपण पाळले तरी पुष्कळ झाले. ते फळा पुसायला उठले, हजेरीपट देऊन यायला उठले, खिचडीचे ताट घ्यायला उठले, की अत्यंत मायेने म्हणावे, "तू बस, बाळा."

कागदपत्रांत मात्र हयगय नको. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करावा लागतो. त्यातील 'वैयक्तिक' हा शब्द फारसा मनाला लावून घेऊ नये. जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत मी पाहिलेल्या आराखड्यात, नीट ऐकू न येणाऱ्या पण दृष्टी उत्तम असलेल्या मुलीसाठी, "तो ब्रेलमधील दहा शब्द वाचेल" असे वर्षअखेरचे ध्येय लिहिले होते. खाली तीन सह्या होत्या आणि शेरा होता, "प्रगती समाधानकारक."

रॅम्पला 1 फूट उंचीमागे 12 फूट लांबी हवी, असे नियम सांगतो. पण तेवढी जागा त्याला दिली तर सरांच्या मोटारसायकली कुठे लावायच्या, याविषयी नियम काहीच सांगत नाही. तेव्हा पाच फुटांत उरकावे. शिबिरात मिळालेली व्हीलचेअर डेडस्टॉक नोंदवहीत चढवून कार्यालयात ठेवावी आणि तिचे प्लास्टिक काढू नये, कारण वापरलेली वस्तू तपासणीत जुनी दिसते.

खान्देशात तर मुलाला मागे ठेवण्याची एक जादा सोय आपोआपच झालेली आहे. घरात अहिराणी, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली, आणि चाचणी पुस्तकी मराठीत. "तुझे नाव काय आहे?" या प्रश्नावर मूल गप्प राहिले, की रकाना भरून मोकळे व्हावे. तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारातून सहज "तुनं नाव काय शे रे?" असे विचारतील आणि ते मूल स्वतःच्या नावासकट मामाचे गाव व गोठ्यातल्या गायीचे नावही सांगून टाकील. अशा वेळी डाळ करपत असल्याची मावशींना आठवण करून द्यावी.

पालकांनाही विश्वासात घ्यावे. एसटीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत मिळते, हे त्यांना आवर्जून सांगावे. त्या सवलतीत मूल एके दिवशी चोपड्याहून जळगावला एकटे जाऊ शकेल, असे मात्र चुकूनही सुचवू नये. तिकीट बापाने काढावे, कंडक्टरच्या प्रश्नाला उत्तर आईने द्यावे आणि आठवडे बाजारात 10 रुपयांचे मुरमुरे धाकट्या भावाने घ्यावेत. दोन रुपये कमी पडले तर काय म्हणायचे, कोणी चिडवले किंवा नको तिथे हात लावला तर कोणाला सांगायचे, पाळी आल्यावर पॅड कसे बदलायचे, या गोष्टींवर परीक्षेत प्रश्न येत नसल्यामुळे त्या शिकवण्याचा प्रश्नही येत नाही. 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे. 19 व्या वर्षी ते मूल शर्टाची बटणे लावता येत नाहीत म्हणून घरी बसले, तर तो त्याच्या दिव्यांगत्वाचा दोष. आपण तर ती बटणे रोज स्वतः लावून दिली होती.

दहावीला लेखनिक मिळतो, तासाला 20 मिनिटे जादा मिळतात. लेखनिकाची आणि मुलाची पहिली ओळख परीक्षेच्या दालनातच व्हावी. मनातले दुसऱ्याला नीट सांगून लिहवून घेण्याचा सराव वर्षभर दिला, तर त्याला मनातले सांगण्याची सवय लागते, आणि ती परीक्षेनंतरही सुटत नाही.

3 डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन चुकवू नये. टोपी-उपरणे पाहुण्यांना घालावे आणि मुलांना केळी वाटावीत (रावेर-यावल जवळ असल्याने ती स्वस्त पडतात), फक्त ती सोलून द्यावीत.

इतकी काळजी घेऊनही कधी अपघात होतोच. आमच्या तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिपाई लग्नाला गेले असता, बौद्धिक अक्षमता असलेल्या आठवीतल्या मुलाच्या हाती कोणीतरी घंटेचा हातोडा दिला. तो दिवसभर घड्याळाखाली उभा राहिला आणि आठही तासांची घंटा त्याने मिनिटावर दिली. संध्याकाळी हातोडा परत ठेवताना तो आपल्या सदऱ्याने पुसूनही ठेवला. दुसऱ्या दिवशी शिपाई आले, त्यांनी सात मिनिटे उशिरा पहिली घंटा दिली, आणि मुलगा जागेवरून अर्धा उठलेला पाहून सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.