शहराचा बंब विझला की

तुम्ही नवखे वार्ताहर असाल आणि ऐन जानेवारीत बिश्केकला पाठवलं, तर आधी एक थर्मामीटर विकत घ्या. किर्गिझस्तानच्या या राजधानीत घरं उबदार ठेवणारं बरंचसं गरम पाणी एकाच ठिकाणी तापतं. 1961 सालचं कोळशावरचं केंद्र. लोक त्याला ‘तेत्स’ म्हणतात. आपल्या अंघोळीच्या बंबासारखंच, फक्त अख्ख्या शहराला बंब एक. तो विझला की थर्मामीटर कॅमेऱ्यासमोर धरा. उणे 25! झालं, बिघाडाचं खापर थंडीवर फुटलं. थंडी काही अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही.

मग एखादी आजी गाठा. अंगात कोट, डोक्याला रुमाल, शेगडी पेटवून ती स्वयंपाकघरातच मुक्कामाला असेल. तिला खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरवर हात ठेवायला लावा. हात सावकाश काढा म्हणावं, शॉट चांगला येतो. “हे पाइप माझ्या लग्नाच्या वेळचे,” असं ती म्हणालीच, तर तेवढं कापून टाका. एमबीबीएसला आलेला एखादा मराठी मुलगा सापडला तर सोन्याहून पिवळं! ‘आईची आठवण येते का’ एवढंच विचारा.

मंत्री हेल्मेट घालून येतील, कशाकडे तरी बोट दाखवतील. कशाकडे, ते विचारू नका.

एक पथ्य मात्र कडक पाळा: खर्चाचे कागद वाचायचे नाहीत. याच तेत्सच्या नूतनीकरणासाठी चीनकडून 38 कोटी 60 लाख डॉलरचं कर्ज काढलं होतं. ऑगस्ट 2017 मध्ये थाटात उद्घाटन झालं आणि 26 जानेवारी 2018 ला, भर थंडीत, केंद्रात बिघाड. मग खर्चाच्या यादीत एक पक्कड निघाली, किंमत 320 डॉलर. साधी पक्कड हो, वायरमनच्या मागच्या खिशात असते ती! पुढे 2019 साली दोन माजी पंतप्रधानांना शिक्षाही झाली. पण ती यादी कुणी उद्घाटनाआधीच वाचली असती, तर तुम्ही आजीच्या घरून लाइव्ह काय दाखवलं असतं?

उन्हाळ्यात तिकडे फिरकायचं कारण नाही. तेव्हा घरांचं गरम पाणी बंद करून, दाब देऊन पाइप तपासतात. जुने असतील ते फुटतात आणि भर रस्त्यात पाणी उसळतं. गेलातच, तर मथळा द्या: ‘कारंज्यात बच्चेकंपनीची धमाल’.