'थेरं' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. पिकअप उंच करून मोठे टायर घातल्याचे उपयोग सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोन दिवसांत चार-पाच वेळा वाचली. पहिल्याच दिवशी उत्तर दिलं असतं तर ते नको तितकं कडक झालं असतं, म्हणून थांबलो.

बाकीच्यांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. लिफ्टमुळे, म्हणजे सस्पेन्शन उंच करून गाडीचा सांगाडा वर उचलल्यामुळे, मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलखालची जागा जराही वाढत नाही, आणि हे मी वाचकांपासून लपवलं. गुरुत्वमध्य वर गेल्याने गाडी उलटण्याचा धोका वाढतो. जड टायरांमुळे गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, मायलेज पडतं. स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. आणि सगळ्यात शेवटी: 'ज्याला गाडी चालवता येते त्याला ही थेरं लागत नाहीत.'

स्पीडोमीटरबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि तसं सांगायला मला संकोच नाही. मी 'किरकोळ फरक' लिहून पुढे गेलो होतो. माझ्या जुन्या २६५/७० आर १७ टायरचा व्यास साधारण ८०३ मिलिमीटर भरतो, नव्या २८५/७० आर १७ चा ८३१. म्हणजे साडेतीन टक्क्यांचा फरक. जुन्या टायरवर काटा खरा असेल तर नव्या टायरवर काटा १०० दाखवताना गाडी १०३च्या पुढे असते. कंपन्या मुळातच काटा थोडा जास्त दाखवेल असा ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा फरक बराचसा भरून निघतो. तरीही आकडा लेखात द्यायला हवा होता.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण मला लागलं ते तेच.

मी अकरा वर्षं मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम केलं. टॉवर उंचावर असतात आणि तिथवर जाणारा रस्ता बहुतेक वेळा टॉवर उभारताना एकदा काढलेला असतो, नंतर त्याच्याकडे कोणी बघत नाही. अशा रस्त्यांवर मी जनरेटरचे भाग, डिझेल आणि बॅटऱ्या नेल्या आहेत. पावसात, रात्री, एकट्याने. मला गाडी चालवता येते की नाही, हा निकाल तुम्ही एका ओळीत लावलात. कशाच्या आधारावर?

एक रात्र सांगतो. गाडी स्टॉक, कंपनीतून आली तशी. मागे हौद्यात ४८ व्होल्टचा बॅटरी संच होता, म्हणजे दोन-दोन व्होल्टचे २४ सेल, एकेक उचलायला दोन माणसं लागावीत असे. चढावर पाणी बाजूला काढायला कोणीतरी रस्त्यात आडवा मातीचा बांध घातला होता. लो रेंज (वेग कमी, जोर जास्त देणारे गिअर) लावली, पहिल्या गिअरवर, तिरकी धरून, अगदी सावकाश घेतली. पुढची चाकं बांधापलीकडे उतरली आणि गाडी पोटावर बसली. चेसिसचा भार बांधावर, चाकांवर वजनच नाही. चारही चाकांना ताकद मिळत होती आणि चारही जागच्या जागी फिरत होती. मी आणि मदतनीसाने २४ सेल भर पावसात खाली उतरवले, पहारीने बांध फोडला आणि पहाटे गाडी सुटली. गिअरबॉक्सखालची पत्र्याची ढाल चेपून आत गेली होती.

तिथे मी काय वेगळं करायला हवं होतं, ते मला सांगा. वेग कमी होता, गिअर योग्य होता, कोनही योग्य घेतला होता. तरी गाडी अडकली, कारण लांब गाडीचं पोट टेकायला कमी उंचीचा अडथळा पुरतो. मोटारीपेक्षा पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, मोठं असतं, हेच मी लेखभर सांगत होतो. माझ्या गाडीचा व्हीलबेस ३.१ मीटर आहे आणि मधोमध जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर होती. साधा हिशेब केला तर पोट न टेकता ती सुमारे १६ अंशांचा उंचवटा ओलांडू शकते. दोन इंचांच्या लिफ्टने ५० मिलिमीटर आणि टायरच्या वाढलेल्या त्रिज्येने १४ मिलिमीटर मिळाले, तेव्हा तोच कोन २१ अंशांजवळ गेला. हा हिशेब रिकाम्या गाडीचा आहे. भरलेल्या गाडीचे मागचे पाटे दबतात आणि पोट आणखी खाली येतं, म्हणजे खरी गरज याहून जास्तच. ज्याने भरलेली पिकअप अशा बांधावरून नेली आहे तो या गोष्टीला थेरं म्हणणार नाही. तुम्ही कधी नेली आहे का, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

पुढची आणि मागची टोकं वर गेल्याचा फायदा तर रोजचा आहे. ओढ्यात उतरताना बंपर आधी जमिनीत रुतायचा, तो आता रुतत नाही. उंच टायर दगडाला अंगावर घेतं, कारण मोठ्या चाकासमोर तोच दगड लहान होतो. टायरची भिंत उंच असली की हवा कमी करायलाही वाव मिळतो. वाळूत ३५ पीएसआयवरून १८वर आणलं की टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि गाडी रुतायची थांबते. डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरायची, एवढी शिस्त पाळावी लागते. हे सगळं लेखात होतं. तुम्ही त्यातल्या एकाही वाक्याबद्दल बोलला नाहीत.

अ‍ॅक्सलचं म्हणाल, तर मागच्या अखंड अ‍ॅक्सलचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा लिफ्टने वर जात नाही, तो फक्त टायरने जातो, आणि तोही व्यासात झालेल्या वाढीच्या निम्माच. मला हे ठाऊक आहे. म्हणूनच लेखाच्या शीर्षकात लिफ्ट आणि टायर दोन्ही होते. 'वाचकांपासून लपवलं' हा तुमचा शब्द मी मान्य करत नाही.

ब्रेक आणि उलटण्याबद्दल: गुरुत्वमध्य वर जातो, जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. हे कोणी नाकारलेलं नाही. मी वळणावर वेग कमी ठेवतो, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवतो, आणि दोन इंचांच्या वर गेलो नाही. मायलेज पडलं, ते मी स्वीकारलं आहे. यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

दुसऱ्या एका वाचकाने अतिशय सभ्यपणे विचारलं आहे म्हणून इथेच सांगतो. लिफ्टनंतर ब्रेकचे होस (ब्रेक ऑइलच्या लवचीक नळ्या) ताणले जात नाहीत ना ते पाहिलं, चाकांचं अलाइनमेंट नव्याने केलं, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून हेडलाइटचा झोत खाली केला. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यांची झीज लवकर होते, म्हणून त्या सांध्यांवरची रबरी आवरणं, म्हणजे बूट, फाटलेत का, हे प्रत्येक सर्व्हिसिंगला बघतो. ते लवकर बदलावे लागतात. लिफ्टने भार वाहण्याची क्षमता वाढत नाही, हेही लक्षात ठेवा. कंपनीने ठरवलेली मर्यादा तीच राहते. आपल्याकडचे नियम आणि विमा कंपनीचं म्हणणं आधी तपासा.

तर, लेखातलं स्पीडोमीटरचं वाक्य मी आजच बदललं आहे आणि चूक दाखवल्याबद्दल खाली तुमचा उल्लेख केला आहे. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, त्यात एक अक्षरही बदललेलं नाही. 'थेरं' हा शब्द ठेवायचा की नाही, ते तुम्ही बघा.