हुकूमशाही घ्यावी ती लांबची

तुम्हाला ऐतिहासिक रहस्यकादंबरी लिहायची आहे. पुण्यात राहता म्हटल्यावर लिहायची असणारच, त्यात संकोच कसला! पण पानिपत, शनिवारवाडा, नारायणराव हे सगळं आधीच्या मंडळींनी उरकून ठेवलंय, आणि त्यातलं काही नव्याने उकरलं की कुणाच्या तरी खापरपणजोबांचा अपमान होतो. तेव्हा सरळ विसावं शतक घ्या. त्यातही हुकूमशाही घ्या. रात्री दारावर थाप, जिन्यात बुटांचे आवाज, सकाळी शेजाऱ्याच्या दाराला कुलूप. रहस्यकथेला लागतं ते सगळं सामान तिथे आयतं मिळतं.

फक्त हुकूमशाही लांबची घ्या.

हा सल्ला माझा नाही, अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकांचा आहे. मी हस्तलिखित घेऊन गेलो तेव्हा ते दहावीच्या गाइडांचे गठ्ठे मोजत होते. मोजता मोजताच विचारलं, "कुठे घडतं?"

"पोर्तुगालमध्ये. सालाझारच्या काळात."

चेहरा उजळला. "छान. तिथून कुणाचा फोन यायचा नाही."

"आणि आणीबाणीवर लिहिलं असतं तर?"

ते गठ्ठ्याचा आकडा विसरले. पुन्हा एकपासून मोजायला घेत म्हणाले, "त्याला वाचक नाही हो. अर्धे म्हणणार, हे आत्ताच का उकरलंत? उरलेले म्हणणार, तेव्हा का नाही लिहिलंत?"

तर देश निवडण्यापासून सुरुवात करू. बर्लिनच्या वाटेला जाऊ नका. कादंबऱ्यांमधून तिथे इतके गुप्तहेर होऊन गेलेत की नव्याला दिवाळीतल्या लक्ष्मी रोडसारखं बाजूने सरकत चालावं लागेल. मॉस्कोत नावांचा घोळ. तिसऱ्या प्रकरणात वाचक वही घेऊन बसतो. सालाझार मात्र पुणेकराला सोयीचा. १९३२ ते १९६८ इतकी वर्षं पंतप्रधान, त्याआधी कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक. अविवाहित. गर्दीचा तिटकारा. खर्चाला इतका आखडता की सरकारी निवासाच्या आवारात कोंबड्या पाळलेल्या. हा गृहस्थ प्रभात रोडवर राहिला असता तर कुणाला संशय आला नसता. उलट वसंत व्याख्यानमालेला दोनदा बोलावला असता.

आता तपशील. पहिल्याच प्रकरणात तुमचा इन्स्पेक्टर पावसात उभा राहून लायटरने सिगारेट पेटवील. थांबवा त्याला. पोर्तुगालमध्ये १९३७ पासून १९७० पर्यंत साधा लायटर वापरायला सरकारी परवाना लागायचा. काड्यापेटीच्या धंद्याला संरक्षण, दुसरं काय! परवाना दाखवला नाहीत तर प्रभात रोडवरूनच पोस्टकार्ड येईल: 'पृष्ठ ११, ओळ ४. लायटरचा परवाना कोठे आहे? बाकी प्रयत्न बरा.' वाचनालयाची प्रत असेल तर हेच पेन्सिलने समासात सापडेल, आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'सहमत'.

पेन्सिलीवरून आठवलं. सालाझारचे सेन्सॉर निळ्या पेन्सिलीने खोडायचे. या निळ्या पेन्सिलीचं एक प्रकरण नक्की ठेवा, मुखपृष्ठालाही कामी येते. गुप्त पोलिसांचं नाव पिडे. मराठीत पीडा अगदी हाताशी आहे, पण ती कोटी करू नका, मी केली आहे. पिडेचे खबरे गल्लोगल्ली असत आणि त्यांना पैसे मिळत. सदाशिव पेठेत वाढलेल्या लेखकाला इथे कल्पनाशक्ती ताणावी लागते, कारण आमच्या वाड्यात हेच काम तीन पिढ्या विनामोबदला चालू होतं. पाहुणा नळापाशी पोचायच्या आत तो कुणाकडचा, मुक्कामी आहे की नाही, आणि पिशवीत काय आहे, हे मागच्या बिऱ्हाडापर्यंत गेलेलं असे.

खरी अडचण पुढे आहे. खुनी कोण हे शेवटच्या पानापर्यंत लपवायचं, हा रहस्यकथेचा धर्म. हुकूमशाहीत तो पाळायचा कसा? खुनी कोण हे पहिल्या दिवशीच कोपऱ्यावरच्या न्हाव्यालाही ठाऊक असतं. रहस्य एवढंच, की ते कोण कुणाजवळ बोलणार. उंबेर्तु देल्गादुचंच घ्या. हवाई दलातला जनरल. १९५८ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. निवडून आलात तर सालाझारचं काय करणार, असं विचारल्यावर म्हणाला, अर्थातच, त्याला काढून टाकीन. एवढं सरळ उत्तर पुण्यात ग्रंथालयाच्या निवडणुकीतही कुणी देत नाही. निकाल व्हायचा तो झाला. पुढे देश सोडावा लागला, आणि १३ फेब्रुवारी १९६५ ला, आपल्याच बाजूची माणसं भेटायला येणार आहेत अशा समजुतीत तो स्पेनच्या हद्दीत सीमेजवळ गेला. आली ती पिडेची माणसं. तो आणि त्याची सचिव, दोघांचे मृतदेह एप्रिलमध्ये सापडले. सरकारने कानावर हात ठेवले.

इथपर्यंत झकास. तुमचा इन्स्पेक्टर इथून सुरू होऊ शकतो. पण यापुढे वाचू नका. मी वाचलं आणि पस्तावलो.

ज्याला पुढे या खुनाबद्दल त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं, तो कासिमिरु मोंतेरु मूळचा गोव्याचा. लिस्बनला जाण्याआधी त्याचा हात गोव्यातच बसला होता. तिकडच्या जुन्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत 'एजंट मोंतेरो' हे नाव मारहाणीच्या गोष्टींसकट येतं. म्हणजे घोटाळा बघा. आपण एवढ्या लांबची हुकूमशाही घेतली, समुद्र मध्ये घातला, ट्राम घातली, धुकं घातलं, आणि ती ट्राम थेट गोव्याच्या वेशीवर, बांद्याच्या नाक्यावर येऊन थांबली. मग वाचक म्हणणार, अहो, याच सालाझारच्या पोलिसांचा मार खायला १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट गेले होते की! त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या त्याही याच राजवटीने. एकदा हे सुरू झालं की लांबची म्हणून घेतलेली हुकूमशाही चुलत घराण्यातली निघते. तेव्हा मोंतेरुला स्पॅनिश करून टाका. कुणाला कळत नाही.

शेवट मात्र इतिहासाने दिलाय तसाच ठेवा. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सालाझार खुर्चीवरून पडला. अलंकारिक अर्थाने नव्हे, सुट्टीच्या मुक्कामी, बसायच्या साध्या खुर्चीवरून. पुढे मेंदूत रक्तस्राव झाला, पद दुसऱ्याला दिलं, आणि जुलै १९७० मध्ये मरेपर्यंत जवळच्यांनी त्याला ते सांगितलंच नाही. आपणच देश चालवतोय या समजुतीत माणूस गेला. संपादक म्हणतील, हे पटत नाही. त्यांना एखाद्या सोसायटीच्या माजी अध्यक्षांकडे चहाला घेऊन जा.

मग प्रकाशन समारंभ. प्रमुख पाहुणे म्हणतील की सुदैवाने आपल्या मातीत असं काही कधी घडलं नाही. या वेळी मान डोलवावी. २५ जून १९७५ ची रात्र ते २१ मार्च १९७७, आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने मोजलेले, 'मिसा' या स्थानबद्धतेच्या कायद्याखालचे जवळजवळ ३५ हजार लोक, कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून बोलणाऱ्या आणि पुढे अटक झालेल्या दुर्गाबाई भागवत, असलं काही मनात येऊ लागलं तर व्यासपीठावरचं पाणी प्यावं. पहिल्या रांगेतले काका उठून सांगतील की आणीबाणीत डेक्कन क्वीन वेळेवर यायची. ती त्याआधीही वेळेवरच यायची, हे त्यांना सांगू नका. समारंभ लांबतो.

आणि घरातला मजकूर तर अजिबात वापरू नका. कसा मजकूर वापरायचा नाही, त्याचा एक नमुना सांगतो. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत १९७६ सालचं एक पोस्टकार्ड आहे. आजोबा तेव्हा आत होते. 'प्रकृती उत्तम, काळजी नसावी' वगैरे नेहमीचं, आणि मध्ये दोन ओळी काळ्या शाईने खोडलेल्या. खोडणाऱ्याने काम मन लावून केलंय, शाई कार्डाच्या पाठीवर उतरलीय. आजीने ते कार्ड खिडकीशी, दिव्याशी, एकदा तर म्हणे स्टोव्हच्या उजेडाशीही धरून पाहिलं. तिला एकच अक्षर लागलं, 'च'. त्यावरून तिने ठरवलं की लसणाची चटणी संपली असणार. पुढच्या प्रत्येक भेटीला ती बरणीभर चटणी घेऊन गेली.

सुटून आल्यावर चार-पाच दिवसांनी जेवताना आजोबा म्हणाले, "एवढी चटणी कशाला गं आणत होतीस?"

"तुम्हीच लिहिलं होतंत."

आजी उष्ट्या हाताने उठली, डाव्या हाताने कार्ड काढून आणलं. आजोबांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं. खोडलेल्या ओळींवरून नख फिरवलं.

"मी चटणीचं कशाला लिहीन?"

"मग काय लिहिलं होतंत?"

"आता कुठलं आठवायला," म्हणाले, आणि ताक मागितलं.