बर्फात अडकलेली गाडी दिसली तर थांबा, आणि तो फॉरवर्ड डिलीट करा

"बर्फात गाडी अडकली तर काय करावे" या नावाचा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. तालमीच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि परवा मामीनं आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. तिथंवर मी गप्प होतो. पण तिचा थोरला, माझा मामेभाऊ, वर्षअखेरीला मित्रांना घेऊन स्वतःच्या क्रेटानं मनालीला निघालाय आणि मामानं त्या मेसेजची प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलीय. म्हणजे पोरं खरंच अडकली तर हाच कागद काढून वाचणार आणि त्यात लिहिलंय तसंच करणार. म्हणून लिहायला बसलोय.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो. गाडी अडकली की सगळ्या काचा घट्ट बंद करा, इंजिन आणि हीटर रात्रभर चालू ठेवा आणि निवांत झोपा. वाटेत दुसऱ्या कुणाची गाडी अडकलेली दिसली तर अजिबात थांबू नका, पोलीस केस मागे लागते. बर्फात घसरू नये म्हणून टायरला गुंडाळायची लोखंडी चेन कायम मागच्या चाकांना लावा. गाडी रुतली की फर्स्ट गियर टाकून फुल रेस करा. सोबत रम ठेवा. हात बधिर झाले तर त्यावर बर्फ चोळा. काचेवर बर्फ जमला तर उकळतं पाणी ओता. टायरची हवा कमी करा. आणि रात्री हँडब्रेक लावू नका. खाली लिहिलंय, एका निवृत्त अधिकाऱ्याचा अनुभव. नाव नाही, गाव नाही, खातं नाही.

सगळ्यात आधी तो हीटर लावून झोपायचा मुद्दा, कारण बाकीच्यानं गाडीचं नुकसान होईल, यानं माणसं मरतील. मरतील काय, मेलीत. जानेवारी 2022, पाकिस्तानात रावळपिंडीच्या वर मरी म्हणून थंड हवेचं ठिकाण आहे, 7 तारखेच्या रात्री तिथं एवढा बर्फ पडला की पर्यटकांच्या हजारो गाड्या रस्त्यातच अडकल्या. सकाळी गाड्या उघडल्या तेव्हा किमान 22 माणसं आतल्या आत मेलेली सापडली. त्यात लहान मुलं होती, एक पोलीस अधिकारी घरच्या माणसांसह एकाच गाडीत गेला. तिथल्या अधिकाऱ्यांनी कारणं सांगितली ती दोन, थंडी आणि गाडीत साठलेला कार्बन मोनॉक्साइड. ही माणसं कुठं दरीत पडली नव्हती, कडा कोसळला नव्हता. रस्त्यावर उभ्या गाडीत, काचा बंद करून बसलेली होती.

हे होतं कसं ते समजून घ्या. बर्फ पडत राहतो, मागनं वाऱ्यानं ढीग साठतो आणि सायलेन्सरचं तोंड बुजतं. इंजिन चालूच असतं, मग धुराला बाहेर जायला वाट नाही, तो गाडीखाली पसरतो आणि फ्लोअरच्या फटीतनं, दरवाजाच्या रबरातनं, बॉनेटच्या मागच्या जाळीतनं हळूहळू आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे झोंबत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त जोरानं चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं आणि मग झोप येते, माणसाला वाटतं दिवसभराच्या प्रवासानं दमलोय म्हणून झोप येतीय. आपल्याकडं बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेली माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच की, तोच हा गॅस. तिथं आपण म्हणतो खिडकी उघडी ठेवायला पाहिजे होती आणि इथं काचा घट्ट लावा म्हणून सल्ला देतोय.

मामाचं म्हणणं असं की आता बीएस सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या कडक नियमातल्या गाड्या आहेत, त्यातनं हा गॅस येतच नाही. यात थोडं तथ्य आहे, ते मी मानतो. धूर स्वच्छ करायला बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला तापलेला असेल तर तो बराचसा कार्बन मोनॉक्साइड जाळतो आणि डिझेल गाडीत मुळात तो कमीच तयार होतो. पण कन्व्हर्टर थंड असताना हे काम करत नाही, सायलेन्सर तुंबला की सगळं गणित बिघडतं, आणि कमी म्हणजे शून्य नव्हे, रात्रभर एका डब्याएवढ्या जागेत साठायला कमीसुद्धा पुरतं. दुसरा मुद्दा रिसर्क्युलेशनच्या बटणाचा, ते दाबलं की बाहेरची हवा आत येत नाही असा समज आहे. बटण फक्त ब्लोअरचा रस्ता बदलतं, फटी बुजवत नाही, आणि एकदा आत आलेला गॅस मग आतल्या आतच फिरत राहतो. कोविडपासून घराघरात ऑक्सिमीटर आहे, भाऊ तोही सोबत नेणार आहे, म्हणून हेही सांगतो, या गॅसच्या बाबतीत ऑक्सिमीटरवर अजिबात भरवसा ठेवू नका. बोटाला लावायचं साधं मशीन कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनवालं रक्त यातला फरक ओळखत नाही, माणूस बेशुद्ध पडत असताना ते 98 दाखवू शकतं.

मग करायचं काय? गाडीतच थांबा हे बरोबर आहे, बर्फात अंधारात चालत निघू नका. पण इंजिन तासातनं दहा मिनिटं चालवा आणि बंद करा. दर वेळी सुरू करायच्या आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, हातानं, पायानं, खोऱ्यानं, कशानंही. वारा ज्या बाजूनं येतोय त्याच्या उलट्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. सगळे एकदम झोपू नका, एकजण जागा पाहिजेच. आणि गाडीत शेगडी किंवा कॅम्पिंगचा गॅस पेटवून हात शेकायचा विचारसुद्धा नको.

आता ते "थांबू नका" प्रकरण. मला सगळ्यात जास्त राग या ओळीचा आला. वरच्या मुद्द्याशी जोडून बघा म्हणजे कळेल. एकीकडं अडकलेल्याला सांगायचं काचा लावून झोप आणि दुसरीकडं जाणाऱ्याला सांगायचं त्याच्याकडं बघू नकोस. मरीत त्या रात्री त्या गाड्यांच्या काचा कुणीतरी वेळेत ठोठावायला पाहिजे होत्या.

मनालीजवळच्या सोलंगच्या वर एकदा आमची टॅक्सी गाड्यांच्या लायनीत थांबली होती, पुढं ट्रॅफिक जाम, वरनं बर्फ चालू. आमचा ड्रायव्हर तिथलाच, कुल्लूकडचा. तो काही न बोलता उतरला, डिकीतनं खोरं काढलं आणि लायनीतल्या एकेक गाडीकडं चालत गेला. इंजिन चालू असलेली गाडी दिसली की आधी मागं जाऊन सायलेन्सर पायानं चाचपायचा, बर्फ असला तर खोऱ्यानं ओढायचा, मग पुढं येऊन काच ठोठावायचा आणि आतला माणूस काच खाली करून बोलेपर्यंत हलायचा नाही. एका गाडीत दोघं झोपले होते, त्यांना उठायला वेळ लागला, तेवढ्यात त्यानं दरवाजाच उघडला. ते उठले, बरे होते. तो परत आला तेव्हा मी विचारलं तर म्हणाला, इथं सगळेच असं करतात. हा मेसेज लिहिणाऱ्यानं अशा माणसाशी दोन शब्द बोलायला पाहिजे होते.

आणि पोलीस केस कसली? बर्फात चाक रुतलं म्हणून गाडी उभी आहे, हा अपघातच नाही, मग गुन्हा कसला आणि साक्ष कसली. बरं, अपघात झाला असला तरी मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे. सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. चांगल्या हेतूनं मदत करताना काही चुकलं तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. इतकी वर्षं झाली तरी आपण अजून "उगाच लफडं नको" म्हणून पुढं जातोय.

एक गोष्ट मान्य, हायवेवर रात्री गाडी बिघडल्याचं नाटक करून लुटायचे प्रकार होतात, बायकापोरं सोबत असताना निर्जन ठिकाणी उतरायला भीती वाटते आणि ती खोटी नाही. मग उतरू नका. काच थोडी खाली करून विचारा, हॉर्न द्या, आत हालचाल आहे का बघा, 112 ला फोन लावा, आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर तो लागू शकतो. नाहीच लागला तर पुढच्या पोलीस नाक्यावर थांबून गाडीचा रंग आणि जागा सांगा. डिसेंबर 2024 मध्ये सोलंग ते अटल टनेल या पट्ट्यात हजारभर गाड्या अडकल्या होत्या, तेव्हा पोलिसांनीच रात्रभर पर्यटकांना बाहेर काढलं. त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. आणि हे मी कोल्हापूरकरांना सांगावं याचंच वाईट वाटतं. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, परराज्यातले ट्रकवाले दिवसचे दिवस अडकून पडले, तेव्हा आसपासच्या गावांनी त्यांना भाकरी-भात नेऊन दिला. कुणी आधी केसचा विचार केला होता का?

चेन. मागच्या चाकांना लावा हे बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा असल्या गाड्यांना बरोबर आहे, कारण त्यांचं इंजिन मागची चाकं फिरवतं. क्रेटा, स्विफ्ट, बलेनो, नेक्सॉन या सगळ्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यांच्या मागच्या चाकांना चेन लावली तर पुढची चाकं तशीच गरागरा फिरत राहणार. भावाची क्रेटा आहे, त्याच्या कागदावर नेमकं उलटं लिहिलंय. लावायची कशी हे घरी, अंगणात एकदा करून बघा. आतल्या बाजूचा हूक चाकाच्या मागं हात घालून अडकवावा लागतो आणि बर्फात बोटं बधिर असताना तो सापडत नाही. शंभरेक मीटर गेल्यावर उतरून परत ताणायची, नाहीतर सैल चेन आतल्या ब्रेकच्या पाइपला घासते.

फुल रेसचा मुद्दा तर ज्यानं उसाच्या फडातनं ट्रॉली काढलीय त्यालासुद्धा पटणार नाही. चिखलात रेस केली की चाक आणखी खाली जातं, म्हणून आपण पाचट नाहीतर गोणपाट टाकतो. बर्फातही तसंच, उलट फिरणाऱ्या चाकाच्या गरमीनं खालचा बर्फ वितळून परत गोठतो आणि काचेसारखा गुळगुळीत होतो. चाकापुढचा बर्फ खोऱ्यानं काढा, खाली वाळू, गोणपाट किंवा गाडीतलं मॅट टाका, सेकंड गियरला हळू क्लच सोडा.

रमबद्दल मित्रमंडळी नाराज होतील, होऊ देत. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात म्हणून ऊब वाटते, पण तीच ऊब अंगातनं बाहेर चाललेली असते आणि शरीर आतनं गार पडतं. आणि जागं राहायचंय त्या रात्री दारू? बधिर बोटांना बर्फ चोळणं त्याहून वाईट, आधीच गोठलेली कातडी सोलून निघते. काखेत धरा, कोमट पाणी मिळालं तर त्यात बुडवा, चोळू नका.

काचेवर उकळतं पाणी ओतलं की काच तडकते, एवढंच. टायरची हवा थोडी कमी करणं भुसभुशीत ताज्या बर्फात चालतं, पण दाबून घट्ट झालेल्या बर्फावर काही फायदा नाही आणि परत भरायला पंप पाहिजे. हँडब्रेकचं मात्र खरं आहे, रात्रीत गोठून चिकटतो, गाडी गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

मेसेजमध्ये नसलेलं एक सांगतो. वाटेत खाली मैदानात डिझेल फुल टँक भरून नेलेलं असेल तर वर कडाक्याच्या थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबून गाडी सुरू होत नाही. लडाखसाठी 2019 मध्ये इंडियन ऑइलनं उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल काढलं ते याचसाठी. टाकी तळाला येऊ द्या आणि मनालीत भरा.

आणि दुसऱ्याची गाडी ओढायची वेळ आली तर आपली गाडी चढावर थांबवू नका, सपाटीला लावा, नाहीतर तुम्हीच अडकाल. गाडी ओढायचा हूक टूलकिटमध्ये असतो, बंपरचं छोटं झाकण काढून आटे पूर्ण फिरवून बसवायचा, दोरी ॲक्सलला किंवा बंपरला बांधायची नाही. दोरी ताणलेली असताना तिच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, तुटली तर झटका जीव घेईल असा बसतो. ढकलत असाल तर चढावर गाडीच्या बरोबर मागं कुणी नको, कोपऱ्यांना उभे राहा. दरवाजा उघडल्यावर आतला माणूस गुंगीत वाटला तर गाडी ओढायचं राहू द्या, इंजिन बंद करा, त्याला आधी उघड्या हवेत काढा, अंगावर पांघरूण घाला आणि 112 लावून "गाडीत गॅस झालाय" असं स्पष्ट सांगा.