टेंगूळ आणि बुचोन

आज पाचवा दिवस. टेंगूळ अजून आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला, जरा उजवीकडे, मध्यम आकाराच्या लिंबाएवढं. उशीवर डोकं टेकलं की मालागा आठवतं. लोक स्पेनहून केशर आणतात, ऑलिव्हचं तेल आणतात, हातपंखे आणतात. मी हे आणलं, आणि कस्टमवाल्यांना ते दाखवावंही लागलं नाही.

झालं ते थोडक्यात सांगतो. भाची आणि भाचेजावई मालागाला असतात. आम्ही दोघं पंधरा दिवस त्यांच्याकडे होतो. समुद्र झाला, पिकासो जन्मला ते घर झालं, टेकडीवरची मुसलमानी राजवटीतली गढी गुडघे धरत चढून झाली. शनिवारी मी म्हटलं, आता माझी पाळी. विमानतळाच्या कडेला १९४८ सालची जुनी टर्मिनल इमारत जपून ठेवली आहे, तिथे जुनी विमानं आहेत, ती बघायची.

बायको म्हणाली, "विमानाने आलो, विमानाने जाणार, आणि मधल्या वेळात विमानं बघायची?"

हा प्रश्न मी गेली एकतीस वर्षं वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आलोय. विमानवेड्या माणसाला आपल्याकडे घरात मान नाही आणि दारातही नाही. तरुणपणी एका विमानतळाच्या कुंपणाबाहेर दुर्बीण घेऊन उभा होतो, तर चौकीत नेऊन तीन तास बसवलं होतं. "काय बघत होतास?" "विमान." "कशाला?" या 'कशाला'ला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

तर मालागा. १९१९ साली तुलूझहून कासाब्लांकाला टपाल नेणारी फ्रेंच विमानं वाटेत या माळावर उतरू लागली. उघड्या विमानात पत्रांची पोती, बाहेर डोकं काढून बसलेला वैमानिक, खाली समुद्र. आपल्याकडे जेआरडींनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं ते १९३२ साली, म्हणजे तेरा वर्षांनी. आणि मालागाचा विमानतळ आजही त्याच माळावर आहे, नुसता वाढत गेलाय. हे मी गाडीत सांगत होतो. मागच्या सीटवर बायको आणि भाची परकर-पोलक्याच्या कापडाबद्दल बोलत होत्या.

तिथे कॉन्व्हेअर ४४० आहे. पन्नासच्या दशकातलं दोन इंजिनांचं प्रवासी विमान. एकेका इंजिनाला अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन गोल रांगांत, फणसाच्या गऱ्यांसारखे दाटीवाटीने बसवलेले. मी खाली उभा राहून वर बघत होतो, आणि खरं सांगतो, घशात काहीतरी आलं. त्या भरात बायकोला म्हटलं, माझा एक फोटो काढ, मागे इंजिन आलं पाहिजे. ती म्हणाली, जरा मागे सरका. मी सरकलो. अजून थोडं. सरकलो. दोरी होती का? होती. दोरीचं आणि माझं त्या क्षणी काय नातं होतं, त्यात आत्ता शिरत नाही.

ठण्ण.

प्रोपेलरचं पातं. सत्तर वर्षांत त्याला कोणी इतक्या जवळून भेटलं नसेल. डोळ्यांपुढे काजवे चमकले, मी मटकन खाली बसलो. बायको धावत आली आणि म्हणाली, "मोबाइल माझ्याच हातात होता म्हणून बरं, नाहीतर फुटला असता."

आणि त्याच वेळी ते आजोबा आले.

वय पंचाहत्तरच्या पुढे. बाहेर ऊन रणरणत होतं, तरी पांढऱ्या सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. एका हातावर काठी अडकवलेली, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून लांब पाव डोकावतोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. काठीचा ठक-ठक आवाज करत ते थेट पात्याकडे गेले. वाकून, डोळे बारीक करून, माझं डोकं जिथे लागलं ती जागा त्यांनी बोटाने चाचपली. मग खिशातून रुमाल काढला. रुमालाबरोबर मक्याचे दोन-चार दाणे खाली पडले. या दाण्यांकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही, ही माझी चूक. रुमालाने त्यांनी ते पातं पुसलं. सावकाश, दोन्ही बाजूंनी. माझ्या डोक्याचं तेल लागलं होतं बहुधा.

मग माझ्याकडे वळून मोठ्या आवाजात काहीतरी बोलले. दक्षिणेकडचे स्पॅनिश लोक शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, म्हणजे भाषांतर करणाऱ्या ॲपला निम्मंच जेवण मिळतं. भाची कॉफी आणायला गेली होती. मी जमिनीवर बसूनच फोन पुढे केला. पडद्यावर मराठी उमटलं: "ही वस्तू जुनी आहे. सावध राहा."

मला राग आला. अजूनही येतो. वस्तू जुनी आहे म्हणे! मी काय परवा कारखान्यातून बाहेर पडलोय? साठी ओलांडलेल्या माणसाला ठेच लागली तर लोक आधी दगड बघतात. घरात पडलो तर पहिला प्रश्न, फरशी फुटली का. मी विमान मोडायला आलो नव्हतो. त्या आवारात त्या विमानावर जीव टाकणारा मीच एक होतो, आणि मलाच रुमालाने पुसून काढलं गेलं.

आणि ते जाऊ द्या. आमच्या शहरातल्या एका बागेत एक लढाऊ विमान खांबावर बसवलंय. त्याच्या पोटाखाली पिचकाऱ्या, शेपटीवर बदाम आणि बदामात दोन नावं. ज्या विमानातून कुणी जीव मुठीत धरून उडाला असेल, त्याच्या सावलीत भेळवाला कांदा चिरतो. तिथे हा रुमालवाला आजोबा पाहिजे होता. पण तो नेमका मालागात, नेमका माझ्याच डोक्यापाशी.

म्हणून मी ठरवलं, यांना दाखवून द्यायचं. आपण कोणी ऐरेगैरे पर्यटक नाही, यांच्या देशाची विमानं आपल्याला तोंडपाठ आहेत. मी उठलो, पँट झटकली, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि एकच शब्द उच्चारला: "बुचोन."

इथे दोन मिनिटं थांबायला हवं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने स्पेनला मेसरश्मिट १०९ लढाऊ विमानांचे सांगाडे पाठवले, आणि इंजिनं पाठवायच्या वेळी जर्मनीलाच ती पुरेनात. सेविलच्या कारखान्यात ते सांगाडे पडून राहिले. आधी दुसरी इंजिनं लावून पाहिली, आणि पुढे १९५४ साली स्पॅनिशांनी त्याच घडणीच्या विमानांत चक्क ब्रिटिशांचं मर्लिन इंजिन बसवलं. म्हणजे ज्या स्पिटफायरशी हे विमान आयुष्यभर भांडलं, त्याच्याच जातीचं हृदय त्याला लावलं. ते इंजिन मावेना, म्हणून नाकाखाली गळा फुगला. त्या फुगलेल्या गळ्यावरून नाव पडलं बुचोन.

ते समजावं म्हणून मी शब्दाबरोबर स्वतःच्या गळ्याला हात लावून दाखवला.

आजोबांचा चेहरा एकदम उजळला. "बुचोन!" ते ओरडले. मग माझ्या गळ्याकडे, म्हणजे स्पष्टच सांगायचं तर माझ्या दुसऱ्या हनुवटीकडे, काठी रोखून पुन्हा म्हणाले, "बुचोन!" आणि खदखदून हसले. मागे बायकोही हसली. तिला काही कळलेलं नव्हतं, तरी हसली.

पण विषय निघाला होता. मी अपमान गिळला आणि फोन पुढे केला.

"तुमच्याकडे किती आहेत?" आजोबांनी विचारलं.

मी चकित. "माझ्याकडे? एकही नाही. तुमच्याकडे?"

"बावीस. गच्चीवर."

मला घाम फुटला. जगात उडू शकणारी बुचोन विमानं मोजकी, आणि या पाव घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे बावीस! गच्ची म्हणजे ॲपने काहीतरी चुकवलं असणार, डोंगरमाथ्यावरचं हँगर वगैरे असेल, असं मी मनाशी धरलं. श्रीमंत माणसं अशीच साधी राहतात.

"उडतात?" मी विचारलं. आवाज कापत होता.

"रोज संध्याकाळी. सकाळी खायला घालतो, संध्याकाळी सोडतो."

खायला घालतो! काय प्रेम! आपल्याकडेही ट्रकवाले म्हणतातच की, गाडी डिझेल फार खाते.

"कारखाना सेविलचाच ना?"

"नाही, नाही. बहुतेक हाएनचे. एक मार्चेनाचा. दोन कादिझचे."

मी खिशातली वही काढून लिहून घेतलं: 'मार्चेना, कादिझ – उपकारखाने? तपासणे.' चाळीस वर्षांच्या वाचनात हे कुठे आलं नव्हतं. त्या चार ओळी अजून वहीत आहेत. ते पान फाडायचं की ठेवायचं, हे अजून ठरत नाहीये.

"इंजिन मर्लिनच ठेवलंय, की बदललंय?"

आजोबांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. "इंजिन?"

"इंजिन. मर्लिन."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाला समजवावं तसं बोलले. पडद्यावर आलं: "माझा सर्वात चांगला नर शेजाऱ्यांकडे जातो, त्यांच्या माद्यांना मोहवतो आणि माझ्या घरी घेऊन येतो. शेजारी रडतात."

आता इथे तरी माझ्या डोक्यात दिवा लागायला हवा होता. पण डोकं, आधी सांगितलंय, मागून बधिर झालं होतं. मी असा अर्थ लावला, की एकआसनी विमान तो नर आणि दोनआसनी ती मादी. बुचोनचं दोनआसनी रूप खरंच होतं. राहिलं मोहवणं, तर ती हवाई कसरतींची भाषा असेल, वैमानिक जरा रंगेलच असतात.

"आवाज कसा येतो?" मी विचारलं. मर्लिनचा आवाज ज्याने कानांनी ऐकलाय, त्याच्या तोंडून तो ऐकायचा होता.

आजोबांनी पिशवी खाली ठेवली. छाती पुढे काढली, मान आत ओढली, गळा फुगवला आणि पोटातून आवाज काढला: "घुर्रऽऽ घूंऽ घूंऽ, घुर्रऽऽ."

मला वाटलं, कमी फेऱ्यांवरचं इंजिन. हुबेहूब! माझ्या अंगावर काटा आला. मीही छाती काढली आणि वेग वाढवून दाखवला: "घुंऽऽऽऽ." ते म्हणाले "घुर्र". मी म्हटलं "घुंऽऽ". एका मुलाने कॉन्व्हेअर सोडून आमचा व्हिडिओ काढायला सुरुवात केली. बायको दोन विमानं पलीकडे जाऊन उभी राहिली, आमची ओळख नसल्यासारखी.

मी रंगात आलो. म्हटलं, आता यांना माझ्या देशाची गोष्ट सांगतो. याच सेविलमध्ये मेसरश्मिटसाहेबांनी एका ध्वनीपेक्षा वेगवान लढाऊ विमानाचा आराखडा सुरू केला, एचए-३००. स्पेनला खर्च झेपेना, तो इजिप्तला गेला. आणि ७ मार्च १९६४ रोजी ते विमान पहिल्यांदा हवेत नेलं ते आपल्या वायुदलाच्या कपिल भार्गव यांनी. त्याचं इंजिन तपासायला आपलं मरुत विमान इजिप्तला पाठवलं होतं. ते मरुत म्हणजे वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एक उभं आहे ना, त्याच जातीचं. सेविलचा आराखडा, इजिप्तची धावपट्टी, हिंदुस्थानी वैमानिक! हे सांगायला मला आयुष्यात कधी योग्य माणूस भेटला नव्हता. मी भडाभडा बोललो. ॲपला काय झेपलं देव जाणे. आजोबा ऐकत होते आणि त्यांची नजर हळूहळू माझ्या चेहऱ्यावरून माझ्या टाळूकडे सरकत होती.

"भारतात," त्यांनी शेवटी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही बुचोनला इंजिन बसवता?"

"आम्ही नाही, तुम्ही बसवलंत!"

तेवढ्यात भाची कॉफीचे कप सांभाळत आली. तिला पाहताच आजोबा मला सोडून तिच्याकडे वळले आणि घाईघाईने बोलू लागले. मध्येच त्यांनी स्वतःचा फोन काढून तिला फोटो दाखवले. मीही मान लांब करून पाहिले.

गच्ची होती. खरोखरची, कपडे वाळत घातलेली. तिच्यावर लाकडी खुराडी, आणि खुराड्यांपुढे गळ्याशी फुगे बांधल्यासारखी, छाती काढून मिरवणारी बावीस कबुतरं.

"मामा," भाची ओठ आवळून म्हणाली, "बुचोन म्हणजे कबुतराची जात. आपल्याकडे लक्का कबूतर शेपटी फुलवतं ना, तसं हे गळा फुगवतं. विमानाला नाव यांच्यावरून पडलं असणार. यांना विमानातलं काही माहीत नाही. नातवाला घेऊन आलेत."

"मग ते पातं कशाला पुसत होते?"

तिने विचारलं. आजोबांनी खांदे उडवले. हातात रुमाल होता, म्हणाले.

निघताना त्यांनी माझ्याशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं, जरा जास्तच वेळ. भाचीच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, काय म्हणाले? ती सांगेना. पहिल्या सिग्नलपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होती, तिचे खांदे तेवढे हलत होते. दुसऱ्या सिग्नलला म्हणाली, "म्हणाले, तुमच्या मामांना आजच्या आज दवाखान्यात न्या. कबुतराला कुठलं इंजिन बसवलंय, असं विचारत होते."

"दोनदा," बायको म्हणाली. "आणि घुंघुं करत होते, तेही सांग."

मी डोकं सीटला टेकणार नाही अशा बेताने ताठ बसून होतो. सगळे हसून दमले, तशी गाडीत शांतता पसरली. मग भाचेजावयांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीर आवाजात विचारलं, "पण मामा, खरंच, उलटीबिलटी तर होत नाहीये ना?"