सॅम्पल न काढता लेव्हल कशी कळणार?

"रुग्णाचं वय, वजन, उंची आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) सॉफ्टवेअरमध्ये भरा, रक्तातली अँटिबायोटिकची लेव्हल ते नेमकी सांगतं. मग रक्त काढून लॅबला पाठवायचं कशाला? नव्या मार्गदर्शक सूचनाही याच बाजूच्या आहेत. आणि एकदा लेव्हल बसली की संसर्ग आटोक्यात येतोच." असा दावा सध्या बराच पसरला आहे. ही सॉफ्टवेअरं मी आवडीनं वापरतो, म्हणून तर तो जास्त खटकतो.

"नेमकी सांगतं." सांगतं खरं, पण कोणाची? सॉफ्टवेअरच्या पोटात आधीच्या रुग्णांच्या मोजमापांवरून बांधलेलं एक मॉडेल असतं. औषध शरीरात किती पसरतं (व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक साधारण किलोमागे 0.7 लिटर) आणि शरीर ते किती वेगानं बाहेर टाकतं, म्हणजे क्लिअरन्स, या दोन गोष्टी ते वय-वजनावरून ताडतं. उत्तर येतं ते तशा माणसांच्या सरासरीचं. हिशोब करून बघा. 70 किलोचा रुग्ण, दिवसाला 2000 मिलिग्रॅम व्हॅन्कोमायसिन. मॉडेलनं क्लिअरन्स तासाला 4 लिटर धरला. डोसला क्लिअरन्सनं भागलं की दिवसाची एयूसी, म्हणजे दिवसभरात रक्तात एकूण किती औषध राहिलं याचं माप, मिळते: 500. लक्ष्य 400 ते 600, सगळे खूश. या माणसाचा खरा क्लिअरन्स 2.5 असेल तर एयूसी 800 होते, आणि तिथे मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका चांगलाच वाढलेला असतो. स्क्रीनवर मात्र 500च.

"क्रिएटिनिन दिलंय ना!" खरी गोम इथेच आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. 80 वर्षांचे, 45 किलोचे, महिनाभर अंथरुणाला खिळलेले आजोबा घ्या. क्रिएटिनिन 0.5. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांचा क्लिअरन्स ताडणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या 1976च्या सूत्रात घातलं तर मिनिटाला 75 मिलिलिटर येतं. मूत्रपिंडं एवढी चांगली आहेत म्हणून, की स्नायूच उरले नाहीत म्हणून? हे सूत्राला कळत नाही. काहीजण अशा वेळी 0.5च्या जागी 1 धरतात. तेवढ्यानं उत्तर 37.5 वर येतं, थेट निम्मं. यातलं कुठलं खरं, हे कीबोर्डवरून ठरत नाही.

शिवाय क्रिएटिनिन उशिरा बोलतं. मूत्रपिंडं आज सकाळी बसली, तर आकडा नीट चढायला एखाद-दोन दिवस जातात, आणि तेवढ्यात औषध साचत राहतं. उलटंही घडतं. सेप्सिस (संसर्गानं सगळं शरीर कोलमडणं) झालेल्या किंवा मोठा अपघात झालेल्या तरुण रुग्णात क्लिअरन्स मिनिटाला 130 मिलिलिटरच्या वर जाऊ शकतो. क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसतं आणि औषध मात्र लघवीवाटे निघून जात असतं.

"मार्गदर्शक सूचना याच बाजूच्या." नाहीत. व्हॅन्कोमायसिनबद्दलच्या 2020च्या अमेरिकी सूचनांनी एमआरएसए या बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणाऱ्या जंतूच्या गंभीर संसर्गात 15 ते 20च्या ट्रफमागे (पुढच्या डोसच्या आधीच्या सर्वात कमी लेव्हलमागे) धावणं सोडायला सांगितलं, एयूसी बघायला सांगितलं, आणि त्यासाठी बेझियन पद्धतीचं असं सॉफ्टवेअर चालेल, किंबहुना तेच बरं, असं म्हटलं. पण त्यात एक-दोन लेव्हल मोजून घालायच्या आहेत. स्थिर अवस्थेची (रोज जेवढं औषध जातं तेवढंच बाहेर पडू लागण्याची) वाट न बघता पहिल्या 24 ते 48 तासांतली लेव्हलही चालते, ही खरी सोय. सुया कमी होतात, संपत नाहीत. बेझियन पद्धतीचा गाभाच हा की आधीचा अंदाज नव्या पुराव्यानं सुधारायचा. लुईस शायनर यांनी 1970च्या दशकात ती डोस ठरवण्याच्या कामाला जुंपली, ती मोजलेल्या लेव्हलच्या आधारावरच. पुरावाच दिला नाही तर हाती उरतो नुसता आधीचा अंदाज.

"लेव्हल बसली की संसर्ग आटोक्यात." न काढलेला पू लेव्हलला जुमानत नाही. आणि जंतूची एमआयसी, म्हणजे त्याची वाढ रोखायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण, दुपटीच्या पायऱ्यांनी मोजतात, एक पायरी इकडेतिकडे होणं नेहमीचंच. 1 म्हणून आलेली एमआयसी 2 असेल, तर एयूसी तीच राहून एयूसी भागिले एमआयसी हे गुणोत्तर, ज्यावर औषधाचा परिणाम ठरतो, निम्मं होतं.

दाव्यातलं एक मात्र मान्य: पहिले डोस ठरवताना लेव्हल हातात नसतेच, आणि तेव्हा 'सगळ्यांना सारखाच' डोस देण्यापेक्षा मॉडेलचा अंदाज बरा. पुढे लेव्हल येते आणि जुळत नाही. मॉडेल 12 म्हणतं, लॅब 24. तेव्हा आधी सिस्टरना विचारायचं, सॅम्पल खरंच किती वाजता काढलं? वरच्या 70 किलोच्या रुग्णात मॉडेलच्या हिशोबानं औषधाचं अर्धायुष्य (लेव्हल निम्मी व्हायला लागणारा वेळ) साडेआठ तास येतं, त्यामुळे वेळेत दोन तासांची चूक म्हणजे लेव्हलमध्ये सुमारे 15 टक्क्यांची. आणि औषध चालू होतं त्याच लाइनमधून (शिरेतल्या नळीतून) काढलं का? तसं असेल तर आकडा फुकट, पुन्हा सॅम्पल. दोन्ही ठीक निघालं तर 24 खरं धरायचं, पुढचा डोस थांबवायचा आणि लघवी किती होतेय ते बघायला खाटेपाशी जायचं.