निलंबन म्हणजे सोडत नव्हे: ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील शिक्षांबाबतच्या एका दाव्याचा प्रतिवाद

एएफएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, एखाद्याचा खांदा दुसऱ्याच्या डोक्यावर आदळला आणि सामन्यांची बंदी जाहीर झाली, की दर हंगामात एक दावा पुन्हा पुन्हा सांगितला जातो. त्याचा आशय असा: ही निलंबने म्हणजे निव्वळ सोडत आहे, समोरचा उठून पळाला तर धडक देणारा मोकळा सुटतो आणि तो मैदानावर निपचित पडला तर तीन सामने घरी बसतो, नामवंत खेळाडूंना आणि बाद फेरीच्या दिवसांत सगळ्यांनाच सूट मिळते, आणि या काटेकोरपणामुळे फुटीतला (ऑस्ट्रेलियन फुटबॉललाच इथे फुटी म्हणतात) जोर संपत चालला आहे. मी अनेक वर्षे मेलबर्नमध्ये राहतो, माझी मुलगी चौदा वर्षांखालील संघात खेळते आणि हा दावा मी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या, एरवी अत्यंत समंजस असलेल्या पालकांकडूनही ऐकला आहे. म्हणून त्याचा एकेक भाग तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

प्रथम शिक्षा कशी ठरते ते पाहू. पूर्वी हे काम एका पॅनेलकडे होते; 2018 पासून ते मॅच रिव्ह्यू ऑफिसर या एका व्यक्तीकडे आले. तो तीन प्रश्न विचारतो: कृती हेतुपुरस्सर होती की निष्काळजीपणाची, संपर्क डोक्याला झाला की शरीराला, आणि आघात सौम्य, मध्यम, तीव्र की अतितीव्र. निष्काळजीपणाने डोक्याला झालेला मध्यम आघात म्हणजे एक सामना, तीव्र म्हणजे दोन, आणि अतितीव्र असेल तर प्रकरण थेट ट्रिब्यूनलकडे, म्हणजे लीगच्या शिस्तपालन न्यायाधिकरणाकडे, जाते व शिक्षा तीन सामन्यांपासून सुरू होते. हा तक्ता सर्वांना खुला असतो. आधीच छापलेल्या तक्त्याला सोडत म्हणता येत नाही. त्यातील एखादा रकाना चुकीचा आहे असे म्हणता येईल, पण तो वेगळा आक्षेप झाला.

शिक्षा केवळ दुखापत पाहून होते, हा दाव्याचा पहिला आणि सर्वांत वजनदार भाग. तो अर्धा खरा आहे आणि उरलेला अर्धा 2023 च्या हंगामाच्या पहिल्याच फेरीने खोटा ठरवला. मेलबर्नच्या कायसाया पिकेटने जमीन सोडून बेली स्मिथला धडक दिली. स्मिथ उठला आणि पुढे खेळला, तरीही पिकेटला दोन सामन्यांची बंदी झाली. त्याच फेरीत ॲडलेडच्या शेन मॅकॲडमला जेकब वेरला दिलेल्या धडकेबद्दल तीन सामने बाहेर बसावे लागले, आणि तिथेही कोणी स्ट्रेचरवरून गेले नव्हते. कारण आघाताची श्रेणी ठरवताना प्रत्यक्ष इजेबरोबरच ती कृती किती इजा करू शकली असती हेही पाहावे, असे मार्गदर्शक नियमच सांगतात. समोरचा उठला म्हणजे सुटका, हे विधान इथेच कोसळते.

उलट बाजूला मात्र दावा करणाऱ्यांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. समोरच्याच्या मेंदूला धक्का बसल्याचे निदान झाले, की श्रेणी जवळजवळ आपोआप वर सरकते. जुलै 2024 मध्ये टोबी बेडफर्ड आणि चार्ली कॅमरन या दोघांना अगदी नेहमीच्या वाटणाऱ्या टॅकलबद्दल (चेंडू घेऊन जाणाऱ्याला पकडून खाली पाडण्याबद्दल) प्रत्येकी तीन सामने मिळाले, कारण ज्यांना त्यांनी पकडले त्यांना डोक्याचा मार बसला होता. ट्रिब्यूनलच्या निकालांविरुद्धची दाद ऐकणाऱ्या अपील्स बोर्डाने दोन्ही शिक्षा रद्द केल्या. एका वेगवान खेळात दोन माणसे एकत्र पडली आणि एकाचे डोके जमिनीवर आपटले, यावरून पाडणाऱ्याचा दोष सिद्ध होत नाही. तथापि, परिणामाला अजिबात वजन नसावे ही मागणी मला पटत नाही. बेदरकारपणे गाडी चालवणाऱ्याची शिक्षा आणि त्याच बेदरकारपणात माणूस दगावला तर होणारी शिक्षा कुठेही सारखी नसते, आणि त्याला कोणी सोडत म्हणत नाही. प्रश्न वजन किती असावे एवढाच आहे.

ब्रेडन मेनार्डचे उदाहरण या वादात दोन्ही बाजूंनी वापरले जाते, म्हणून तिथे थोडे थांबतो. 7 सप्टेंबर 2023, मेलबर्नचे एमसीजी मैदान, बाद फेरीचा पहिला सामना, पहिलेच सत्र. मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ मधून धावत येऊन लाथेने चेंडू पुढे पाठवतो. कॉलिंगवूडचा मेनार्ड समोरून येऊन दोन्ही हात वर करून उडी घेतो, चेंडू अडवण्यासाठी, ज्याला फुटीत स्मदर म्हणतात. चेंडू त्याच्या बाजूने निघून जातो. मेनार्ड अजून हवेतच असतो. तो अंग वळवतो, आणि त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळतो. मेंदूच्या जुन्या धक्क्यांमुळे ब्रेशॉ अनेक वर्षे मऊ हेल्मेट घालून खेळत होता, आणि त्या रात्रीही ते त्याच्या डोक्यावर होते. तो जागीच बेशुद्ध पडला. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने खेळ सोडला.

मेनार्ड सुटला. मॅच रिव्ह्यू ऑफिसर मायकल ख्रिश्चन यांना आरोप ठेवण्याजोगे काही दिसले नव्हते. एएफएलच्या फुटबॉल विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख लॉरा केन यांनी ते प्रकरण ट्रिब्यूनलपुढे नेले, आणि सुमारे चार तासांच्या सुनावणीनंतर ट्रिब्यूनलने त्याला निर्दोष ठरवले. केवळ परिणामावरच शिक्षा होत असती, तर एका माणसाची कारकीर्द संपवणाऱ्या या धडकेला त्या वर्षीची सर्वांत मोठी बंदी मिळाली असती. ब्रेशॉबद्दल मला आजही वाईट वाटते, तरीही तो निकाल मला न्याय्य वाटतो: चेंडू अडवण्यासाठी उडी मारणे त्या दिवशीच्या नियमांत पूर्णपणे बसत होते, आणि हवेत गेलेल्या माणसाला अर्ध्या क्षणात दुसरा मार्ग शोधायला हवा होता असे म्हणणे सोपे, सिद्ध करणे कठीण. योग्य गोष्ट नंतर झाली. 2024 साठी नियम बदलला: स्मदरसाठी जमीन सोडणाऱ्याने डोक्याला जोराचा संपर्क केला, तर सर्व वाजवी काळजी घेतल्याचे दिसल्याखेरीज तो किमान निष्काळजी मानला जाईल. नियम पुढच्यांसाठी कडक करावा, मागच्याला त्याखाली चिरडू नये.

दुसरा भाग नामवंतांना मिळणाऱ्या सवलतीचा. येथे 2022 मधील पॅट्रिक क्रिप्सचे नाव हमखास घेतले जाते. ब्रिस्बेनच्या कॅलम आ ची याला दिलेल्या धडकेबद्दल त्याला झालेली दोन सामन्यांची बंदी ट्रिब्यूनलने कायम केली, अपील्स बोर्डाने मात्र ती सुनावणीतील कायदेशीर त्रुटींच्या आधारे उठवली. निलंबित खेळाडूला ब्राउनलो मेडल, म्हणजे पंचांच्या मतांवर ठरणारे हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचे पदक, मिळत नाही, आणि त्या वर्षी क्रिप्सने ते 29 मते मिळवून, ब्रिस्बेनच्याच लॅकी नीलपेक्षा केवळ एका मताने जिंकले. संशय यावा असाच हा योग आहे. पण एका प्रकरणावरून नियम बांधायचा, तर 1997 मधील ख्रिस ग्रँटचे काय करायचे? सर्वाधिक मते मिळूनही, हंगामातील एका सामन्याच्या बंदीमुळे त्याचे पदक गेले. त्याच्या आदल्या वर्षी कोरी मॅककर्ननचेही तसेच झाले. 2024 मध्ये डॅन ह्यूस्टन त्या वर्षीच्या ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात निवडला गेला, पण आयझॅक रँकीनला दिलेल्या धडकेबद्दल पाच सामन्यांची बंदी झाल्यामुळे पोर्ट ॲडलेडची संपूर्ण बाद फेरी त्याने बाहेर बसून पाहिली.

बाद फेरीतल्या सुटकांबद्दलची कुरकुर मात्र मी उडवून लावणार नाही. 2005 मध्ये बॅरी हॉल आणि 2017 मध्ये ट्रेंट कॉचिन अंतिम सामन्याच्या आधी सुटले, आणि मेनार्ड सुटल्यावर कॉलिंगवूडने उपांत्य सामना एका गुणाने व अंतिम सामना चार गुणांनी जिंकला. तरीही 2003 मध्ये अँथनी रोक्का याच क्लबचा असून उपांत्य सामन्यातील कोपराच्या माराबद्दल अंतिम सामन्याला मुकला होता, आणि 2019 मध्ये टोबी ग्रीनला उपांत्य सामना हुकला. सवलत हाच शिरस्ता असता तर ही नावे यादीत नसती.

राहिला शेवटचा भाग: खेळ मवाळ झाला. शरीरावर दिलेली कायदेशीर धडक आजही वैध आहे; पर्याय असताना ती निवडून डोके गाठले तरच बोट दाखवले जाते. माजी खेळाडू ग्रॅहम फार्मर, डॅनी फ्रॉली, शेन टक आणि वयाच्या 28 व्या वर्षी गेलेली ॲडलेडची हेदर अँडरसन यांच्या मेंदूच्या मृत्यूनंतरच्या तपासणीत सीटीई हा मेंदूचा ऱ्हास करणारा आजार आढळला आहे. तो एका धडकेने होत नाही, वर्षानुवर्षांच्या आघातांनी होतो, म्हणून प्रत्येक टाळता येण्याजोगी धडक मोजली पाहिजे.

गेल्या बुधवारी सरावाच्या वेळी मुलीचे प्रशिक्षक टॅकल शिकवत होते. पकडताना समोरच्याचा एक हात मोकळा सोडा, म्हणजे पडताना तिला तो टेकता येईल, आणि खाली आणताना स्वतःचे अंग वळवून कुशीवर पडा, असे ते सांगत होते. मुलींनी ते पंधरा-वीस वेळा केले. प्रत्येक वेळी समोरची मुलगी खाली आलीच, चेंडूही सुटला, आणि चिखलाने माखलेल्या दोघी उठून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.